सव्यापसव्य

मनुष्याच्या आयुष्यातील मोठे प्रश्न नेहमी मोठ्या वेषातच येतात असे नाही. कित्येकदा ते एखाद्या क्षुल्लक वस्तूच्या आडून घरात शिरतात, आणि ती वस्तू फडताळात ठेवून दिल्यावरही ते मात्र ओसरीवर बसून राहतात. गेल्या हिवाळ्यात आमच्या मोताळ्याच्या घरी असाच एक प्रश्न येऊन बसला, आणि त्यास घेऊन आले ते मासे धरण्याचे एक जुने विलायती रीळ.

आमचा एक पुतण्या बरीच वर्षे इंग्लंडात असतो. तेथील नद्यांच्या काठी त्यास गळाचा छंद जडला. सुटीत तो घरी आला तेव्हा तेथल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतलेले हे रीळ त्याच्या सामानात होते. आमच्या गावाजवळ नळगंगा नदीवर धरण आहे. त्याच्या जलाशयाच्या काठी, ज्यांच्याकडे तेथील मासेमारीचा हक्क आहे त्यांची परवानगी घेऊन, आपली विद्या आजमावावी असा त्याचा बेत होता.

ज्या वाचकांस या छंदाची माहिती नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. आपल्याकडे गळास गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात. या प्रकारात तसे काही लावीत नाहीत. पीस आणि रेशमी धागा आकड्यावर बांधून त्याची एक खोटी माशी करतात. ही माशी इतकी हलकी असते की ती फेकू म्हटले तरी फेकली जात नाही. म्हणून वजन असते ते दोरीत. सुमारे ९० फूट लांबीची ती जाडसर दोरी आसुडाप्रमाणे डोक्यावरून मागेपुढे खेळवून पाण्यावर सोडावयाची, आणि तिच्या टोकास माशीने अलगद उतरावयाचे, अशी ही कला आहे. इंग्रजांनी ती आपल्याबरोबर या देशात आणली. मद्रास इलाख्यातील हेन्री सलिव्हन टॉमस या मुलकी अधिकाऱ्याने तर १८७३ साली हिंदुस्थानातील गळावर एक ग्रंथच लिहिला. या कलेत रिळाचे काम दोनच प्रकारचे असते. एक, दोरी गुंडाळून ठेवणे, आणि दुसरे, मासा दोरी घेऊन पळू लागला असता त्यास बेताचा अटकाव करणे. पतंगाची चक्री ज्याने पाहिली आहे त्याने हे रीळ जवळजवळ पाहिल्यासारखेच आहे. फक्त यास एका बाजूस मूठ असते आणि पोटात अटकावाची योजना असते.

अडचण होती ती या मुठीची. काठी उजव्या हातात धरून उजव्या हातानेच फेक करावयाची, आणि मासा लागला की काठी डाव्या हातात घेऊन उजव्या हाताने रीळ फिरवावयाचे, अशी इंग्रजांची जुनी रीत होती. पुष्कळ नव्या लोकांस ही हातांची अदलाबदल गैरसोयीची वाटते. काठी उजव्या हातातच राहू द्यावी आणि रीळ डाव्या हाताने फिरवावे, असे ते म्हणतात. आमचा पुतण्या नव्यांपैकी, आणि रीळ मात्र उजव्या हाताने फिरविण्यासाठी लावलेले. तेव्हा एके सकाळी ओसरीवर घोंगडी पसरून तो त्या रिळाची दिशा बदलावयास बसला, आणि घरातील लहानथोर भोवती जमले.

प्रथम सगळी दोरी सोडावी लागली. तिची वेटोळी ओसरीभर पसरली तेव्हा आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांस सर्व घर आक्का म्हणते, त्या म्हणाल्या, “एवढे सव्यापसव्य कशाला? जसे आहे तसे फिरवायला शीक की. वस्तूची रीत आपण शिकावी, वस्तूला आपली शिकवू नये.”

त्यावर आमच्या चिरंजीवांनी जे विचारले त्याने आम्ही चमकलो. ते म्हणाले, “आक्का, मग आमच्या पोरीचे काय करायचे?”

येथे घरातील गोष्ट सांगणे भाग आहे. आमची सहा वर्षांची नात डावरी आहे. तिने पेन्सिल धरली ती डाव्या हातात. तिच्या आईस वाटते की आताच वळण लावले नाही तर पुढे जड जाईल. बापाचे मन होत नाही, आणि त्याचे मन का होत नाही हे आम्हांस ठाऊक आहे. तोही डावरा होता. त्याच्या लहानपणी त्याचा डावा हात सदऱ्याच्या आत घालून वरून बुतावे लावण्याचा उपाय आम्ही स्वतः योजिला होता. आणि आम्ही तो योजिला याचे कारण, आमच्या लहानपणी आमच्या डाव्या हाताच्या बोटांवर पट्टी बसली होती. आज आम्ही उजव्या हाताने लिहितो, आमचे चिरंजीवही लिहितात. अक्षर दोघांचेही बेताचे आहे. खिळा ठोकताना हातोडी मात्र अजून दोघांच्याही डाव्या हातात जाते. या गोष्टीविषयी आम्हा पितापुत्रांत चाळीस वर्षांत एकही शब्द झाला नव्हता, तो त्या सकाळी रिळाच्या निमित्ताने झाला.

प्रश्न असा आहे की वस्तू आणि हात यांचे जमत नसेल तेव्हा फिरावयाचे कोणी? आक्कांचे म्हणणे, हाताने. पुतण्याचे म्हणणे, वस्तूने. आणि सूनबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून जे म्हटले ते तर्कदृष्ट्या सर्वांत अवघड होते. त्या म्हणाल्या, “लोखंडाचे रीळ जर फिरते, तर सहा वर्षांचे लेकरू का फिरणार नाही? ते तर लोखंडाहून मऊ.”

प्रथम आक्कांची बाजू न्यायाने मांडली पाहिजे, कारण तीत तथ्य नाही असे मुळीच नाही. जगातील बहुतेक हत्यारे उजव्यांनी उजव्यांसाठी केलेली आहेत. कात्रीचीच गोष्ट घ्या. तिची दोन पाती अशी बसविलेली असतात की उजव्या मुठीच्या दाबाने ती एकमेकांस घासून चालतात. तीच कात्री डाव्या हातात धरली तर त्याच दाबाने पाती एकमेकांपासून दूर होतात, आणि कापड कापले जाण्याऐवजी चेंगरते. दहा माणसांत साधारण एक डावरा असतो; त्या एकासाठी जगाने आपल्या सर्व कात्र्या बदलाव्यात हे संभवत नाही. शिवाय शिष्टाचार म्हणूनही काही आहे. पंगतीत मांडीला मांडी लावून बसलेल्या लोकांत एकाचाच घास डाव्या हाताचा असेल तर शेजाऱ्याचा कोपर त्यास लागावयाचाच. ज्या काळी घरोघर नळ नव्हते आणि शौचास डावा हात वाहिलेला होता, त्या काळी अन्नास उजवा हात राखून ठेवण्यात शहाणपणच होते. दुसऱ्यांबरोबर राहावयाचे तर आपली दिशा काही ठिकाणी त्यांच्या दिशेशी जुळवून घ्यावी लागते. हे जुळवून घेणे म्हणजे गुलामगिरी नव्हे. ते सहजीवनाचे भाडे आहे.

परंतु परंपरेने दिशा बदलण्यास मज्जावच केला आहे, असे जे मानतात त्यांनी परंपरा पुरती पाहिली नाही असे आम्हांस वाटते. आक्कांच्या तोंडचा ‘सव्यापसव्य’ हा शब्दच पाहा. आज आपण तो निष्कारण खटाटोप या अर्थी वापरतो. मुळात तो यज्ञोपवीताच्या दिशाबदलाचा शब्द आहे. देवकार्यात जानवे डाव्या खांद्यावर असते, पितृकार्यात ते उजव्या खांद्यावर घ्यावे लागते, आणि श्राद्धात हा फेरबदल पुनःपुन्हा करावा लागतो, म्हणून शब्दास खटाटोपाचा अर्थ आला. शंकराच्या देवळात प्रदक्षिणा घालणारा भाविक पाणी वाहून जाण्याच्या पन्हळीपाशी येतो, ती न ओलांडता मागे फिरतो आणि उलट दिशेने पुन्हा तेथवर येतो. त्यास कोणी भ्रष्ट म्हणत नाही; उलट तीच शास्त्रोक्त सोमसूत्री प्रदक्षिणा ठरते. आणि अर्जुन दोन्ही हातांनी बाण सोडी म्हणून त्यास जे नाव मिळाले ते सव्यसाची. त्यातील ‘सव्य’ म्हणजे संस्कृतात डावा. सारांश, आपल्या पूर्वजांस डावे-उजवे यांचा विधिनिषेध जसा ठाऊक होता तसेच प्रयोजन पडल्यास दिशा बदलावी हेही ठाऊक होते. त्यांचा आग्रह एवढाच की बदल प्रयोजनाने व्हावा आणि विधिपूर्वक व्हावा.

आता रिळाकडे परत येऊ, कारण विधी म्हणजे काय हे त्यानेच आम्हांस शिकविले.

पुतण्याने दोरी सोडली, आणि घाईघाईने ती उलट्या बाजूने गुंडाळून रीळ काठीस लावले. मूठ आता डावीकडे आली. काम झाले असे सर्वांस वाटले. त्याने दोरीचे टोक नातीच्या हाती दिले आणि म्हटले, “तू मासा हो, पळ.” पोरगी अंगणात पळत सुटली. त्याबरोबर चक्री भणाणून फिरली, पोरगी थांबली तरी चक्री थांबेना, आणि क्षणार्धात सुटलेल्या दोरीचा असा गुंता झाला की सुगरणीच्या खोप्याने लाजावे. गुंता काढून तो दोरी परत गुंडाळू लागला तर चक्री कमालीची जड लागे. म्हणजे मासा पळताना जेथे अटकाव हवा तेथे मोकळीक, आणि दोरी ओढून घेताना जेथे मोकळीक हवी तेथे अटकाव!

कारण उघडल्यावर कळले. अशा जुन्या रिळाच्या पोटात एक दातेरी चाक असते, आणि त्याच्या दात्यांवर स्प्रिंगच्या जोराने एक लहानशी पोलादी खिटी टेकलेली असते. ही खिटी एका दिशेस चाक सहज जाऊ देते व दुसऱ्या दिशेस अडविते. पुतण्याने दोरीची दिशा फिरविली होती, खिटीची फिरविलीच नव्हती. त्याने चक्री उतरवली, खिटी उचलून उलटी बसविली, पुन्हा दोरी गुंडाळली, आणि रीळ शहाण्यासारखे वागू लागले. अलीकडच्या काही रिळांत खिटीऐवजी एकाच दिशेने फिरणारे बेअरिंग असते. ते काढून उलटे बसवावे लागते, एवढाच फरक. काही रिळे मात्र अशी असतात की करणाऱ्याने ती एकाच हातासाठी घडविलेली असतात. इंग्लंडातील अ‍ॅल्निक गावच्या हार्डी बंधूंचे ‘परफेक्ट’ नावाचे नामांकित जुने रीळ त्याच प्रकारचे. ते डावे घ्यावयाचे की उजवे हे घेतानाच ठरवावे लागे. ते बळाने फिरवू पाहणारा बहुधा ते बिघडवूनच बसेल. म्हणून जाणते लोक सांगतात की जुने रीळ विकत घेतले तर आधी उघडून पाहावे आणि मग हात लावावा.

यावरून आम्हांस तीन गोष्टी सुचल्या, आणि त्या रिळापुरत्या नाहीत.

पहिली ही की, दिशा बदलण्यापूर्वी सगळी दोरी सोडावी लागते. अर्धी दोरी गुंडाळलेली ठेवून कोणाचीही दिशा बदलता येत नाही. ज्यास आपली एखादी जन्माची सवय बदलावयाची आहे त्यास पहिल्या वेटोळ्यापर्यंत मागे जावे लागते, आणि सर्व वेटोळी अशी ओसरीवर पसरलेली पाहणे सुखाचे नसते.

दुसरी ही की, हालचालीबरोबर अटकावही फिरविला पाहिजे. आमच्या समाजातील कित्येक सुधारणा येथेच फसल्या. हुंडा बंद झाला म्हणतात, आणि तोच मानपान होऊन परत येतो. कारण दोरी फिरविली, खिटी जुनीच राहिली. जी गोष्ट घरास तीच मुलखास लागू आहे. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द येथून वैनगंगेचे पाणी सुमारे ४२६ किलोमीटर आणून आमच्या या नळगंगेच्या जलाशयात सोडावे, अशी योजना आहे, आणि २०२४ साली राज्य शासनाने तीस मान्यता दिली आहे. जे पाणी गोदावरीच्या वाटेने पूर्व समुद्रास जावयाचे ते पूर्णा-तापीच्या खोऱ्यात आणावयाचे, म्हणजे एका नदीची दिशाच फिरवावयाची. अवर्षणाने पोळलेल्या वऱ्हाडास ही योजना नकोशी वाटेल कशी? तथापि पाणी येईल त्याबरोबर पाणी उपसण्याच्या आमच्या सवयीसही अटकाव बसेल काय, हा प्रश्न त्या रिळाने आमच्या मनात घातला तो घातलाच.

तिसरी गोष्ट सूनबाईंच्या प्रश्नाचे उत्तर आहे. रीळ फिरते ते मऊ आहे म्हणून नव्हे. ते फिरावे अशी सोय करणाऱ्याने त्यात ठेविली आहे म्हणून. लेकरू लोखंडाहून मऊ आहे, हे खरे. परंतु मऊपणा म्हणजे फिरण्याची सोय नव्हे. मऊ वस्तू फिरत नाही, ती वाकते, आणि वाकलेली पाहून आपण म्हणतो की फिरली. हाताचा कल तर गर्भातच दिसू लागतो, असे आता निरीक्षणाने आढळले आहे. आमचा हात फिरला असे आमच्या वडिलांस वाटले. चिरंजीवांचा फिरला असे आम्हांस वाटले. प्रत्यक्षात दोघांचीही दोरी तेवढी उलटी गुंडाळली गेली होती. लिहिताना आतून काहीतरी अडते, आणि जेथे स्वतःस आवरावयाचे तेथे कधी आवरले जात नाही, याचा अनुभव आम्हांस जन्मभर आहे. त्याचा सर्व दोष त्या पट्टीस देणे अन्यायाचे होईल. पण पट्टीस त्यातून अगदी मोकळे सोडणेही खरेपणाचे होणार नाही.

आणि कोणता हात कोणत्या कामाचा हे बाहेरच्याने आधीच ठरविले असते तर काय गमावले असते, याचा हिशेब कोण करील? बाळू पालवणकर डाव्या हाताने चेंडू टाकीत. ज्या काळी पुण्याच्या मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू चाले पण चहा मात्र त्यांस वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे, त्या काळी, १९११ च्या दौऱ्यात, त्याच डाव्या हाताने त्यांनी इंग्लंडात शंभरावर गडी बाद केले. १९७१ साली वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोघांसही त्यांच्याच भूमीवर हरविणाऱ्या संघाचे नायक अजित वाडेकर डावरे फलंदाज. सचिन तेंडुलकर लिहितात डाव्या हाताने आणि फलंदाजी करतात उजव्या हाताने. निसर्गाने हातांची वाटणी आपण समजतो तितक्या ठोकळेबाजपणे केलेली नाही.

तेव्हा आमचा निर्णय असा ठरला. जेथे दुसऱ्याचा कोपर आपल्या कोपरास लागतो, तेथे, म्हणजे पंगतीत, नातीने जमेल तितके इतरांच्या दिशेने जावे, आणि न जमल्यास तिला पंगतीच्या टोकास बसवावे. टोकाची जागा काही अपमानाची नव्हे. जेथे कोणाचाच कोपर कोणास लागत नाही, म्हणजे वहीवर, तेथे तिचा हात तिचा आहे. देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे डाव्या हाताखाली ओली शाई पुसली जाते, हे खरे. त्यावर उपाय वही जरा तिरपी ठेवणे हा आहे, हात बांधणे हा नव्हे. हे आम्ही सूनबाईंस सांगितले, आणि चिरंजीवांसही, जे चाळीस वर्षांपूर्वी सांगावयास हवे होते ते, सांगितले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी दोरीचे उरलेले वेटोळे गोळा करावयास घेतले.

दुसऱ्या दिवशी सर्वजण जलाशयावर गेलो. काठावर एक वृद्ध भोई जाळे सांधीत बसले होते. पुतण्याची ती सर्व यातायात आणि त्यावरची आमची चर्चा त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, “भाऊ, मासा काय हात पाहून लागते का?” आमच्या सर्व तत्त्वज्ञानापेक्षा हे वाक्य थोडक्यात होते.

पण गोष्ट येथे संपली नाही. थोड्या वेळाने नातीने काठी मागितली. तिने ती अर्थातच डाव्या हातात धरली, आणि रिळाची मूठ शोधण्यास उजवा हात पुढे केला. मूठ तेथे नव्हती. ती पुतण्याने आदल्या दिवशीच पलीकडे नेली होती. म्हणजे दुकानातून आले तेव्हा रीळ जसे होते तसेच नेमके तिच्या हातास हवे होते! त्याचा पहिला धनी आमच्या नातीसारखा डावरा होता, की जुन्या रीतीने हातांची अदलाबदल करणारा उजवा होता, हे रीळ सांगत नाही. दोघांच्याही हातून ते एकाच दिशेने फिरले असते. बाहेरून पाहणारास दिशा तेवढी दिसते. ती स्वभावाने आली की शिस्तीने, हे फक्त फिरविणाऱ्यास ठाऊक असते, आणि कित्येकदा त्यासही विचारावे लागते. आम्हांस तसे कोणी विचारले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

पुतण्या काही न बोलता मातीवर बसला. त्याने पुन्हा सगळी दोरी सोडली, चक्री उतरवली, आणि या वेळी खिटी आधी फिरविली.